कलशातलं पाणी

कॅनडात, विनिपेगमधल्या आमच्या घरी पहिल्यांदा गणपती बसवला त्या वर्षी गुरुजी संकल्पाशी येऊन अडले. गुरुजी म्हणजे मूळचे नाशिकचे, एरवी एका विमा कंपनीत हिशेब बघणारे गृहस्थ. पूजा सांगतात ती हौसेनं, दक्षिणेच्या पाकिटाकडे न बघता. आचमन झालं, हातात पळीभर पाणी आणि अक्षता आल्या, त्यांच्या तोंडून सवयीनं ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः...’ एवढं निघालं आणि ते थांबले. चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत म्हणाले, “द्वीप, वर्ष, खंड सगळं ठरलेलं आहे हो. पण नदी कुठली धरायची? आणि आपण तिच्या कुठल्या तीरावर?”

अमेरिका-कॅनडात पूजा सांगणाऱ्यांनी द्वीप-खंडाचा प्रश्न कधीच सोडवलाय. जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप, भरतवर्षाच्या जागी रमणकवर्ष, भरतखंडाच्या जागी ऐंद्रखंड. नदी मात्र ज्याची त्यानं बघायची. नवऱ्यानं ओल्या हातानंच फोनवर नकाशा उघडला. रेड नदी आमच्या पूर्वेला, म्हणजे आम्ही पश्चिम तीरावर. ‘रेड नद्याः पश्चिमे तीरे’ असं ठरलं. तेवढ्यात मोदकांच्या ताटावर लक्ष ठेवून बसलेली आमची सात वर्षांची लेक म्हणाली, “आणि ट्रीटी वन?”

तिच्या शाळेत रोज सकाळी स्पीकरवरून चार ओळी म्हणतात. आपण ट्रीटी वनच्या, म्हणजे पहिल्या कराराच्या, भूमीवर आहोत. अनिशिनाबे, क्री, डकोटा, डेने या मूळ रहिवाशांचा हा पूर्वापार मुलूख. रेड रिव्हरच्या मेटी लोकांची ही मायभूमी. लेकीनं ते एका दमात म्हणून दाखवलं, आपण लहानपणी ‘शुभं करोति’ म्हणायचो त्याच चालीवर. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर आहे तिचं. स्थळ सांगायचं तर पुरतं सांगावं.” मग जरा विचार करून त्यांनी पळीतलं पाणी सावरलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “ट्रीटीवने देशे!”

सगळे हसलो. दंडकारण्याची सप्तमी चालते तर ट्रीटीवनाची का चालू नये? दंडकारण्यातही ऋषी येण्याआधी कोणीतरी राहत होतंच, त्यांची नावं संकल्पात येत नाहीत एवढंच. पण मोदक संपले, पाहुणे गेले, भांडी लागली, आणि मला आपलं राहून राहून वाटत राहिलं, की सहा वर्षं या गावात राहून मला इथला बर्फ, इथले कर, हिवाळ्यात गाडीला वीज कुठे जोडायची हे सगळं तोंडपाठ आहे, आणि राहते त्या जमिनीचं नाव मात्र सात वर्षांच्या मुलीकडून कळतंय.

तसं म्हटलं तर नावं रोज तोंडात असतात. विनिपेग म्हणजे क्री भाषेत गढूळ पाणी. मॅनिटोबा या नावात मॅनिटू, म्हणजे त्या लोकांचं चराचरातलं दैवत, आहे. सस्कॅचवन म्हणजे वेगानं वाहणारी नदी. क्वेबेक म्हणजे जिथे नदी अरुंद होते ती जागा. आणि कॅनडा म्हणजे, गंमत बघा, ‘गाव’. १५३५ मध्ये जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी सेंट लॉरेन्स नदीतून वर निघाला तेव्हा वाटाड्यांनी पुढच्या वस्तीकडे हात करून ‘कनाता’ म्हटलं. ते गाव दाखवत होते, यानं मुलूखभर नाव लिहून घेतलं. आज त्या ‘गावा’चं क्षेत्रफळ ९९,८४,६७० चौरस किलोमीटर आहे.

आमच्या भागाचा भूगोल मात्र कोणालाही एका वाक्यात सांगता येतो: सपाट. डोंगर बघायचा झाला तर दिवसभर गाडी हाकावी लागते. हिमयुग सरताना इथे अगासी नावाचं अफाट सरोवर होतं, त्याच्या तळावर आम्ही राहतो. तळाची चिकणमाती अजून तशीच आहे. इथले लोक तिला ‘गंबो’ म्हणतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर बागेत पाय टाकला की बूट तिथेच राहतो आणि मोजा बाहेर येतो. माझी यवतमाळची मैत्रीण आली होती, तिनं मूठभर गंबो हातात घेऊन दाबला आणि म्हणाली, “अगं, ही तर आमची काळी!” कापूस तेवढा येत नाही.

रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. अमेरिकेतून येते, विनिपेगमधून जाते, विनिपेग नावाच्याच सरोवराला मिळते. ते सरोवर नेल्सन नदीवाटे पुढे हडसनच्या उपसागरात रिकामं होतं. म्हणजे पाणी ‘वर’ जातं. वसंतात दक्षिणेकडचं बर्फ आधी वितळतं, उत्तरेला नदी अजून गोठलेली असते, आणि मध्ये आम्ही. १९५० मध्ये पुरानं शहर बुडवलं. मग शहराला वळसा घालणारा कालवा खणला, तो १९६८ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्याच जिवावर १९९७ च्या महापुरात विनिपेग वाचलं.

हा पाण्याचा उतार मी उगाच सांगत नाहीये. या देशाच्या अर्ध्याअधिक भानगडी त्या उतारावरून खाली आल्यात.

आपल्याकडे शाळेत शिकवतात, की पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. शाळेत शिकवत नाहीत ते असं, की दोनच वर्षांनी, २ मे १६७० रोजी, याच चार्ल्सनं दुसऱ्या एका कंपनीला दुसरी सनद दिली. ही हडसन्स बे कंपनी, आणि तिचा पहिला गव्हर्नर राजाचा आतेभाऊ रुपर्ट. हडसनच्या सामुद्रधुनीच्या आतले सगळे समुद्र, नद्या, ओढे आणि त्यांच्या काठची जमीन यांवर कंपनीचा हक्क. त्याचा अर्थ पुढे असा लावला गेला, की जिथलं म्हणून पाणी हडसनच्या उपसागराला मिळतं ती सारी जमीन कंपनीची. आख्खा पाणलोट! आजच्या कॅनडाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा तुकडा एका सहीत गेला. त्याला नाव पडलं रुपर्ट्स लँड. रुपर्ट तिकडे कधी फिरकलासुद्धा नाही.

मुंबईचं भाडं निदान सोन्यात तरी होतं. इथलं भाडं होतं दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बंधारे घालणारा पाणजनावर, ज्याच्या केसांच्या नमद्याच्या टोप्या तेव्हा युरोपभर चालायच्या. तेही द्यायचं कधी, तर राजा किंवा त्याचा वारस स्वतः त्या मुलखात पाऊल ठेवील तेव्हा. पहिली अडीचशे वर्षं कोणी ठेवलं नाही म्हणून थकबाकीही नाही. शेवटचं भाडं १९७० मध्ये इथेच, विनिपेगजवळ, दुसऱ्या एलिझाबेथला दिलं गेलं, आणि त्या वेळी बीव्हर चक्क जिवंत होते. मी एकदा नवऱ्याला म्हटलं, तू मुंबईचा आणि आता विनिपेगचा, म्हणजे एकाच राजाच्या दोन कुळांकडे राहून झालं तुझं.

१८६९-७० मध्ये कंपनीनं हा पाणलोट नव्या कॅनडा सरकारला तीन लाख पौंडांना विकला. वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा स्वतःकडे ठेवून घेतला, तो भरला सुमारे ७० लाख एकर. विकणारा लंडनमध्ये, घेणारा ओटावात, आणि ज्यांच्या चुली त्या जमिनीवर पेटत होत्या त्यांना कोणी विचारलं नाही. ज्याला सातबारा माहीत आहे त्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही. मालकी रकान्यात एक नाव, कसणारा दुसराच, आणि फेरफार तलाठ्याच्या दप्तरात परस्पर.

साखळी आली तेव्हा लोकांना कळलं. शंकू-साखळीची मोजणी आपल्याही जुन्या नकाशांच्या कडेला लिहिलेली असते. आपली साखळी ३३ फुटांची, म्हणून गुंठा ३३ बाय ३३ चा. इकडची ६६ फुटांची. रेड नदीच्या काठी तेव्हा मेटी लोकांची वस्ती होती. फ्रेंच किंवा स्कॉट बाप आणि क्री किंवा अनिशिनाबे आई अशा घरांतून दीडेकशे वर्षांत घडलेला हा स्वतंत्र समाज. रानगव्यांची शिकार करणारा, बैलगाड्यांचे तांडे चालवणारा. त्यांची मिचिफ भाषा तर मला फार आवडते: नामं बरीचशी फ्रेंच, क्रियापदं क्री. त्यांच्या जमिनी नदीला तोंड करून आखलेल्या लांबच लांब पट्ट्या होत्या. रुंदी बेताची, लांबी दोन मैल. प्रत्येकाला पाणी, प्रत्येकाला काठचं लाकूड, मागे गवताचं रान, आणि हाकेच्या अंतरावर शेजारी. ओटावाच्या मोजणीदारांना पाहिजे होते चौकोन. सहा मैल बाय सहा मैलांचा एक मोठा चौकोन, त्याचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, नदी कुठूनही जावो.

११ ऑक्टोबर १८६९ ला ते आंद्रे नो नावाच्या शेतकऱ्याच्या गवताळ रानात साखळी ओढत आले. त्याचा नातलग लुई रिएल, पंचविशीसुद्धा न ओलांडलेला, काही लोकांना घेऊन आला आणि साखळीवर पाय देऊन उभा राहिला. मोजणी तिथे थांबली. मॅनिटोबा प्रांत १८७० मध्ये जन्माला आला तो त्या पायामुळे. मेटींच्या मुलाबाळांसाठी १४ लाख एकर राखून ठेवायचं कायद्यात लिहिलंही गेलं, पण वाटप इतकं रेंगाळलं नि इतकं घोळात गेलं, की सरकार आपल्या शब्दाला जागलं नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दिला. रिएलला १८८५ मध्ये रेजायनाला फाशी झाली होती. आता फेब्रुवारीत त्याच्या नावाची सुट्टी असते. आम्ही त्या दिवशी मुलांना घसरगाडीवर नेतो.

विमानातून हे दोन्ही हिशेब अजून दिसतात. बाकी सगळा गवताळ प्रदेश आलेखाच्या वहीसारखा, आणि नदीच्या दोन्ही काठांना मात्र कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्या. शहरातले रस्ते नदीकडे तिरके होऊन एकमेकांवर आदळतात त्याचं एक कारण हेच. कन्फ्युजन कॉर्नर नावाचा चौक आहे आमच्याकडे. नवीन आलेला प्रत्येक जण तिथे एकदा तरी चुकीच्या फाट्याला लागून शिव्या खातो. मीही खाल्ल्या आहेत. ज्या वाटेनं आम्ही चुकतो ती मेटींच्या बैलगाड्यांची जुनी वाट आहे हे नंतर कळलं.

आता ट्रीटी वन. विनिपेगच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर लोअर फोर्ट गॅरी हा कंपनीचा दगडी किल्ला आहे. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांना भक्कम कुंपणाचं गोदामच. तिथे १८७१ च्या जुलैअखेर अनिशिनाबे आणि क्री लोक जमले, आठवडाभर बोलणी चालली, आणि ३ ऑगस्टला करार झाला. १८७१ ते १९२१ या पन्नास वर्षांत असे क्रमांकाचे ११ करार झाले, त्यातला हा पहिला. पाच माणसांच्या कुटुंबाला १६० एकर जमीन राखीव. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, बाहेरून येणाऱ्या वसाहतवाल्यांसाठी कायदा झाला: एकट्या माणसाला १६० एकर, शुल्क दहा डॉलर. त्रैराशिक तुम्हीच मांडा.

शिवाय माणशी वर्षाला तीन डॉलर. बोलण्यात कबूल केलेल्या बऱ्याच गोष्टी, जनावरं, नांगर, कागदावर आल्याच नाहीत. त्यावरून कुरबुर झाल्यावर १८७५ मध्ये दुरुस्ती झाली आणि तीनाचे पाच डॉलर झाले. ते पाच आजही पाचच आहेत. दरवर्षी ‘ट्रीटी डे’ला सरकारी टेबल मांडलं जातं, शेजारी लाल डगलेवाला पोलीस उभा, लोक रांगेत येतात आणि कोरी पाचाची नोट घेऊन जातात. पाच डॉलरमध्ये आता कॉफी आणि एखादं डोनट येतं.

मी एकदा ऑफिसातल्या सहकारिणीला विचारलं होतं, की त्या पाचासाठी कशाला जायचं रांगेत? ती पेगिस या वस्तीची, करार करणाऱ्यांच्या वंशातली. ती म्हणाली, घर भाड्यानं दिलंय आणि भाडेकरू दीडशे वर्षं तेच भाडं देतोय, तरी मी पावती फाडायची थांबवणार नाही. पावती थांबली तर उद्या म्हणेल घर माझंच. मला एकदम आमच्या आजोबांची ट्रंक आठवली. त्यात १९५० सालच्या शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, वाळवीनं खाल्लेल्या, तरी दोरीनं बांधून ठेवलेल्या.

तिच्याशी ओळख वाढली ती ‘इंडियन’ या शब्दावरून झालेल्या घोळामुळे. मी सांगितलं, मी इंडियन. ती म्हणाली, मीही. कार्ड आहे माझ्याकडे. इथे १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट नावाचा कायदा अजून लागू आहे, आणि त्याप्रमाणे नोंद झालेला माणूस कागदोपत्री ‘स्टेटस इंडियन’. कोलंबस चुकला, आणि त्या चुकीचं ओळखपत्र पाचशे वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या पाकिटात. आम्ही दोघी मग कॅंटीनमध्ये एकमेकींना ‘खरी इंडियन’ म्हणून चिडवायचो.

निवासी शाळांबद्दल मी इथे लिहीत नाही. मुलं घरांतून उचलून नेण्याचा तो विषय एका परिच्छेदात उरकण्याचा नव्हे, आणि तो सांगायचा अधिकार तिचा आहे, माझा नाही.

तिच्या घरी भिंतीवर एक नकाशा होता. त्यात प्रांत नव्हते. आपण ओळखतो तो कॅनडा पट्टीनं आखलेला: सस्कॅचवनला तर एकही नैसर्गिक सीमा नाही. तिच्या नकाशात रंगांचे ढग होते, एकावर एक चढलेले. अनिशिनाबेंचा रंग मोठ्या सरोवरांपासून आमच्यापर्यंत, त्यात क्रींचा मिसळलेला, डकोटांचा दक्षिणेकडून आत आलेला आणि मधली आंतरराष्ट्रीय सीमा त्याला माहीतच नसलेली. मला वाटलं छपाई बिघडलीय. ती म्हणाली, मुलूख असाच असतो, शिकारीचा माग जिथवर जातो तिथवर. दोघांचा माग एकाच रानातून गेला तर रान दोघांचं. कोकणातल्या माणसाला बांधाच्या वीतभर जागेवरून कोर्टात जायची सवय. त्याला हे पचायला जड आहे, मलाही गेलं.

काही रंगांना मात्र नकाशावर अधिकृत जागा मिळालीय. १ एप्रिल १९९९ ला उत्तरेत नुनावुट झालं. इनुक्टिटुट भाषेत ‘आपली भूमी’. जवळजवळ सात महाराष्ट्र मावतील एवढा प्रदेश, माणसं २०२१ च्या जनगणनेत ३७ हजारांच्या आत, वस्त्या २५, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही. विमान, होडी नाहीतर बर्फगाडी. पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांना इंग्रजांनी आपल्या राणीचं नाव दिलं होतं. २०१० मध्ये ती पुन्हा हायडा ग्वाय झाली, आणि हायडा लोकांनी ते राणीचं नाव वाफेवर वाकवलेल्या देवदाराच्या पेटीत घालून सरकारला परत केलं. उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून परत करावं तसं. विनिपेगमध्येही एक परतफेड झाली. हडसन्स बे कंपनीची शहराच्या मध्यावरची १९२६ ची सहा मजली इमारत २०२२ मध्ये दक्षिण मॅनिटोबातल्या आदिवासी प्रमुखांच्या संघटनेला मिळाली, आणि समारंभात प्रमुखांनी कंपनीच्या हातात मोबदला ठेवला: दोन बीव्हरची आणि दोन एल्कची कातडी. मी तो फोटो मोठा करून बघितला. सगळे हसत होते. तीनच वर्षांत, २०२५ च्या जूनमध्ये, कंपनीची देशभरातली दुकानं बंद झाली.

इथवर सगळं जमिनीचं झालं. मला खरं सांगायचंय ते पाण्याचं.

संकल्पानंतर कलशपूजा येते. ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ म्हणत कलशातल्या पाण्यावर हात ठेवायचा आणि सात नद्यांना आत बोलवायचं. त्या पहिल्या वर्षी मी हात ठेवला आणि डोक्यात आलं, सात नद्या येतील तेव्हा येतील, आत्ता यात आहे ते कुठलं? नळाचं, हे खरं. नळात कुठून येतं? मी तर रेड नदीचं समजत होते. शहराच्या नावातच गढूळ पाणी, आणि नळाला मात्र झऱ्यासारखं नितळ.

ते येतं शोल लेकमधून. पूर्वेला, मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओच्या सीमेवर. सुमारे १५५ किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा बंदिस्त कालवा १९१९ मध्ये पुरा झाला. एकही पंप न लावता, निव्वळ उतारावर पाणी शहरापर्यंत येतं. साडेसात लाखांहून जास्त वस्तीचं शहर त्यावर जगतं. अभियंत्यांची कमाल आहे, मनापासून म्हणते. पण कालव्याच्या मुखाजवळ फाल्कन नदीचं पाणी येऊन मिळायचं, ते दलदलीतून आल्यामुळे चहासारखं तांबूस. शहराला तांबूस पाणी नको. म्हणून बांध घातला आणि चर खणून ते पाणी दुसरीकडे वळवलं. त्या दुसरीकडे अनिशिनाबेंची वस्ती होती, शोल लेक ४०. चरानं त्यांचं द्वीपकल्प मुख्य जमिनीपासून तोडून टाकलं. वस्ती बेटावर गेली. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून वाट, आणि बर्फ धड घट्ट नाही धड पातळ नाही अशा दिवसांत जीव मुठीत. १९९७ पासून तिथल्या लोकांना पाणी उकळून प्या असा सरकारी इशारा होता. शुद्धीकरणाचं यंत्र बसवायचं तर रस्ता नाही म्हणून खर्च परवडत नाही, आणि रस्ता का नाही हे वर आलंच. २०१४ मध्ये विनिपेगमध्ये मानवी हक्कांचं भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, त्यात शोभेचे पाण्याचे हौद आहेत. त्याच वर्षी शोल लेक ४० च्या लोकांनी आपल्या बेटावरच ‘मानवी हक्कभंगाचं संग्रहालय’ उघडलं. प्रदर्शनात काही वेगळं मांडावं लागलं नाही. शेवटी २०१९ मध्ये २४ किलोमीटरचा रस्ता झाला. त्याचं नाव फ्रीडम रोड. आणि २०२१ च्या सप्टेंबरात शुद्धीकरण केंद्र. चोवीस वर्षांनी त्यांनी आपल्याच तळ्याचं पाणी नळाखाली पेला धरून प्यायलं.

हे सगळं वाचून मला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण माझं आजोळ शहापूर तालुक्यात आहे, आटगावपासून आत. १८९२ साली बांधलेल्या तानसा तलावाच्या परिसरात. माझी आई त्या पायपांच्या शेजारी वाढली, माणूस आत उभा राहील एवढ्या जाड, मुंबईला जाणाऱ्या. एप्रिल लागला की तिथल्या विहिरी तळाला जातात. आमचं घर निदान गावात. पलीकडच्या ठाकरांच्या नि कातकऱ्यांच्या पाड्यावर टँकर यायचा, यायचा नाही, आला तर कोरड्या विहिरीत ओतून जायचा. मग लग्न होऊन आई मुलुंडला आली आणि नळ सोडला की तानसाचं पाणी. ती सांगते, पहिले काही दिवस तिला नळ बंद केल्याशिवाय झोप लागायची नाही. नळ बंदच असायचा, तरी उठून बघायची.

ती दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आली तेव्हा म्हटलं, चल, पाणी कुठून येतं ते दाखवते. पूर्वेकडे निघालं की पहिला तास काहीच घडत नाही. कॅनडाचा रेखांशाप्रमाणे मध्य दाखवणारी पाटी येते, तिच्याजवळ सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. मग हळूहळू झाडं उंच होतात, आणि अचानक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडा खडक वर येतो. हा कॅनडाचा ढालप्रदेश, जगातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. आईनं काच खाली केली. “आता कसं घरासारखं वाटतं,” म्हणाली. सपाटीला ती महिनाभर वैतागली होती. फ्रीडम रोडला वळलो तेव्हा खडी नि धूळ, दोन्हीकडे तांबूस पाण्याची डबकी. नकाशात मी दाखवलं, पाणी उचलतात त्या खाडीचं नाव इंडियन बे. आई म्हणाली, “अगोबाई, आपल्या नावाची?”

धक्क्यापाशी एक म्हाताऱ्या बाई जाळं आवरत बसल्या होत्या. आईनं भाषेची फिकीर न करता डब्यातला बेसनाचा लाडू पुढे केला. त्यांनी घेतला, खाल्ला, मान डोलावली. कुठून आलात विचारलं. मी म्हटलं, विनिपेगहून. त्या हसल्या, खडखडीत. “मग? कसं लागतं आमचं पाणी?”

मी मराठी करून सांगितलं. आईनं उत्तर दिलं नाही. ती पायऱ्यांवरून खाली गेली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत तळ्यात सोडलं.

येताना ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. शेवटी विचारलं, “पण पायपा कुठे दिसल्या नाहीत गं?” म्हटलं, आई, सगळं जमिनीखालून आहे. “आमच्याकडे दिसतात तरी,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, लाडवानं घशाला कोरड पडली म्हणून, तिनं मागच्या सीटवरची बाटली मागितली. सकाळी निघताना घरच्या नळावर भरून घेतलेली.